अर्जदाराची झेप

त्या दिवशी मी पडलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मोंढ्यात, म्हणजे आमच्या धान्यबाजारात, वेगळंच सांगितलं जातंय. पडलो ते त्याआधीचे सतरा दिवस, आणि तेही सरावाचा भाग म्हणून. प्रत्यक्ष सरकारी माणसांसमोर, पंचांच्या हजेरीत, वयाच्या बावन्नाव्या वर्षी आणि ब्याऐंशी किलो वजनासह मी भिंत सोडून हवेत गेलो आणि परत भिंतीलाच सापडलो. एवढा पराक्रम होऊनही त्याची नोंद कुठल्याच कागदावर का नाही, हे सांगायचं तर गोदामापासून सुरुवात करावी लागेल.

माजलगावच्या मोंढ्यामागं आमचं सरकी-पेंडीचं गोदाम आहे. पेंडीचा धंदा आम्ही बंद केला, तेव्हापासून ते रिकामं. माझी मुलगी रुचिका पुण्यात इंजिनिअर झाली आणि पुढं भिंतीवर चढायला शिकवू लागली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असं मला अनेकांनी विचारलंय. मी दरवेळी "आजकाल असंच असतं" असं म्हणून वेळ मारून नेतो. तर एक दिवस ती सामान घेऊन घरी आली आणि म्हणाली, "पप्पा, गोदाम द्या. मला माजलगावात भिंत उभारायचीय."

महिन्याभरात भिंत झाली. चौदा फूट उंच, प्लायवूडची, थोडी पुढं झुकलेली. तिच्यावर लाल, पिवळ्या, हिरव्या रंगांच्या गाठी. त्यांना पकडी म्हणतात. खाली गुडघाभर जाडीच्या गाद्या. दोर नाही, काही नाही. पकडींना धरत वर जायचं आणि सुटलं तर गादीवर यायचं. समोरच्या मुक्ताबाई दारातूनच बघून म्हणाल्या, "गोवर आलाय जनू भिंतीला."

आता मुख्य अडचण. बेंगळुरूच्या एका मोठ्या भिंतीवाल्यांनी रुचिकाला नोकरीला बोलावलं होतं आणि तीस तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. "भिंतीला सरकारी परवानगी आली तर राहते, नाही तर जाते," असं तिनं जेवता जेवता सांगून टाकलं. आमची ती एकुलती एक. पुण्याला होती तेव्हा सकाळच्या एसटीनं निघालो की दुपारी तिच्या दारात असायचो. बेंगळुरूला मी काय करणार? मला ती इथं हवी होती, बस्स. हे मी तिला बोललो नाही. आमच्यात बाप असलं काही बोलत नाहीत, गोदाम देतात.

अर्ज मीच भरला. आमच्या घरात एक पद्धत आहे. वडील, म्हणजे गुरुलिंगआप्पा, गेल्यापासून घर, दुकान, गोदाम, विजेचं मीटर, गॅसचं पुस्तक, सगळं आईच्या नावावर. आईला, म्हणजे बसम्माला, सही येते, पण कंटाळा. "तूच ठोक," म्हणते. म्हणून गेली एकोणीस वर्षं मी वर आईचं नाव, खाली "करिता", आणि त्याखाली "राजेश्वर" अशी सही ठोकत आलोय. हात इतका बसलाय की एकदा लग्नातल्या आहेराच्या पाकिटावरही "करिता" लिहून गेलो आणि वधूपिता अजून मला विचारतो की तुमचा आहेर कधी येणार.

अर्जात "खेळाचे स्वरूप" असा रकाना होता. रुचिकानं सांगितलं, "भिंतीवर चढणे" लिहा. मला ते फारच दरिद्री वाटलं. भिंतीवर पालही चढते. मी तिला विचारलं, यातली सगळ्यात भारी गोष्ट कोणती? ती म्हणाली, "डायनो. म्हणजे दोन्ही हात, दोन्ही पाय एकदम सोडून वरच्या पकडीवर झेप घ्यायची." मी लगेच माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: "भिंतीवर चढणे व झेप." त्या "व झेप"नं माझं पुढं काय केलं, ते बघा.

कचेरीचं नाव घेत नाही, अजून तिथं आपलं काम पडतं. टेबलावर रामहरी नावाचे बाबू होते. त्यांनी अर्ज उलटा केला, सुलटा केला, परत उलटा केला.

"भिंतीला बांधकाम परवाना लागतो, आप्पा."

"बांधायची नाही, चढायचीय."

"कावून?"

या "कावून"ला मी अर्जातल्या "व झेप"वर बोट ठेवून उत्तर दिलं.

रामहरी माणूस सज्जन. त्यांनी सगळी पुस्तकं काढून आमच्या भिंतीसाठी जागा शोधली. व्यायामशाळेत बसेना, कारण वजनं नाहीत. तालमीत बसेना, कारण लाल माती नाही. मंगल कार्यालयाचं पान उघडल्यावर मात्र मीच त्यांना थांबवलं. शेवटी एका पिवळ्या पुस्तकात सापडलं: "धाडसी खेळ: सर्कस, मौत का कुआं, आकाशपाळणा व तत्सम." आम्ही तत्सम निघालो. पण त्याखाली नियम नऊ होता. अर्जदाराने खेळ अधिकाऱ्यांसमक्ष स्वतः करून दाखवावा, व त्या वेळी अर्जदाराचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले असावेत.

"कुणीतरी मौत का कुआं टाकला व्हता म्हने," रामहरी म्हणाले, "आन मालकाला सायकलबी येत न्हवती. तवापासून हाय ह्यो नियम."

"चढून दाखवलं तर?"

"तुमी झेप लिहिलंय ना? मग झेपच लागंल. नुस्तं चढणं लिहिलं असतं तर दोन पायऱ्या चढून भागलं असतं. साहेब अठ्ठावीस तारखेला येतेत."

अर्जदार म्हणजे मी. यात शंका घेण्यासारखं काही होतं का? अर्ज माझ्या अक्षरात, सही माझी, आणि "झेप" तर माझीच. हातात अठरा दिवस होते. खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. लहानपणी सिंदफणेच्या डोहात मी उंबराच्या फांदीवरून उड्या मारल्यात. तिथं खाली जायचं होतं, इथं वर. एवढाच काय तो फरक.

रुचिकानं ऐकलं आणि आधी पाच मिनिटं हसली. मग डोळे पुसून तिनं मला चढायचे बूट दिले. हे बूट मापापेक्षा दोन नंबरनं लहान घालायचे असतात. माझ्या पायाची बोटं त्यात अशी बसली की शेजारच्या बोटाला शेजारी म्हणावं की नातेवाईक, कळेना. तिनं मार्ग आखून दिला: खाली हिरव्या पकडींवर दोन्ही हात, वर मोकळी भिंत, आणि तिच्याही वर एकच मोठी पिवळी पकड. मधलं अंतर झेपेचं.

पहिल्या दिवशी मी हात सोडले, पाय सोडले नाहीत. दुसऱ्या दिवशी पाय सोडले, हात सोडले नाहीत. तिसऱ्या दिवशी दोन्ही सोडलं, पण पिवळ्या पकडीकडं जायचं राहून गेलं. गादीवर पडलो की रुचिका वरून बघायची आणि म्हणायची, "पप्पा, तुम्ही ओढताय. ओढू नका. पायानं ढकला." वडिलांमागं एकोणीस वर्षं घर ओढलेल्या माणसाला हे सांगणं सोपं आहे.

गावाला बातमी लागायला वेळ लागत नाही. मुक्ताबाईंनी सल्ला दिला की अंगाला तिळाचं तेल चोळलं तर हाडं मऊ होतात. बायकोनं, कावेरीनं, तो तात्काळ अमलात आणला. त्या दिवशी मी पकड धरली की पकडच मला नाकारायची. भिंतीवर माझा तेलाचा ठसा उमटला, तो रुचिकानं दोन तास घासून काढला.

मग बद्रीनाथराव यायला लागले. बद्रीनाथराव म्हणजे मोठे बागायतदार, दोनदा निवडणुकीला उभे राहिलेले आणि दोन्हीदा बसलेले. त्यांना हे गोदाम खतं ठेवायला हवं होतं. मी भिंतीवर लटकलेला असतानाच ते नेमके यायचे, म्हणजे मला उठून जाता येत नसे.

"आप्पा, उतरा खाली," ते गादीवर बुटासकट उभं राहून म्हणायचे. "लेकीला बेंगळुरूला जाऊ द्या, गोदाम मला द्या. तुमची हाडं तुमच्यापाशी ऱ्हातील."

"बद्रीनाथराव, मी उतरणार नाही!" असं मी बाणेदारपणे म्हणायचो आणि त्याच क्षणी हात सुटून त्यांच्या पायाशी यायचो. माणसाची प्रतिष्ठा म्हणजे शेवटी बोटांची ताकद, हे मला त्या दिवसांत कळलं.

पण अकराव्या दिवशी प्रकाश पडला. मोंढ्यात हमाल मालट्रक भरत होते. खालचा पोतं वर फेकायचा, वरचा ते अलगद घ्यायचा. पन्नास किलोचं पोतं, आणि घेणाऱ्याच्या कपाळावर आठी नाही. मी नीट बघितलं. पोतं वर जातं, आणि जिथं त्याचं वर जाणं संपतं आणि खाली येणं सुरू व्हायचं असतं, तिथं क्षणभर त्याला वजनच नसतं. वरचा गडी नेमकं तेव्हाच हात लावतो.

मी धावत गोदामात गेलो. "रुचिका, हे पोतं फेकणं आहे!"

"मी दहा दिवस तेच सांगतेय, पप्पा. त्या क्षणीच पकडायचं."

"तू पोतं म्हणाली नव्हतीस. फक्त इथं फेकणारा मी, झेलणारा मी, आणि पोतंही मीच." त्या संध्याकाळी माझी बोटं पहिल्यांदा पिवळ्या पकडीला लागली. चिकटली नाहीत, पण लागली. सतराव्या दिवसापर्यंत पाचातून एकदा मी ती धरू लागलो. पाचात एक. पण निवडणुकीत बद्रीनाथरावांचं याहून वाईट होतं.

आता चॉकचं सांगायला हवं. घाम येऊ नये म्हणून चढणारे हाताला पांढरी पूड लावतात. पुण्याहून तिच्या चौकोनी वड्यांचा डबा आला होता आणि कावेरीनं तो स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला होता. आमचं घर लिंगायताचं. पांढरी चौकोनी वडी म्हटलं की आमच्या आईला जगात एकच गोष्ट माहीत. तिनं डबा उघडला, एक वडी बोटावर घासून बघितली आणि म्हणाली, "कुनी आनली गं ही विभूती? लई पांढरी हाय. श्रीशैलची दिसती." आणि उत्तराची वाट न बघता चार वड्या देवघरात नेल्या. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पुढचे पंधरा दिवस आई रोज पूजेनंतर कपाळाला ठसठशीत तीन पट्टे ओढायची आणि "कपाळ लई कोरडं पडायलंय, राजा," अशी तक्रार करायची. मी तिला दोनदा डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी पाणी जास्त प्यायला सांगितलं.

अठ्ठावीस तारीख उजाडली. साहेब अकराला येणार होते, म्हणजे दीडला आले. शिवशंकर साहेब, मोजकं बोलणारे. सोबत रामहरी, बगलेत पिवळं पुस्तक. पंच म्हणून कचेरीनं नेमके बद्रीनाथराव आणले होते, कारण मोंढ्यात पंचनाम्याला कधीही मोकळा सापडणारा माणूस तो एकच. शिवाय निम्मा बाजार. निघताना माझी चॉकची पिशवी रिकामी आहे हे लक्षात आलं. रुचिका आधीच गोदामात गेली होती. आई देवघरात होती, म्हणून मी तिकडं तोंड करून ओरडलो, "आई, ती पांढरी वडी दे गं!" आईनं समाधानानं माझ्याकडं बघितलं. चांगल्या कामाला निघताना पोराला बरोबर ते आठवलं, असं तिला वाटलं असणार. तिनं देवघरातल्या डब्यातली जुनी, वडिलांच्या वेळची वडी काढून स्वतः कुस्करून पिशवीत घातली आणि माझ्यामागोमाग गोदामात आली. तसल्या वड्या आमच्याकडं ठेवणीतल्या असतात.

मी भिंतीशी उभा राहिलो. हात पिशवीत बुडवले, टाळ्या वाजवल्या, हिरव्या पकडी धरल्या, पाय वर घेतले. झोका घ्यायला खाली झुकलो आणि नाकाला कापराचा वास आला. भस्माचा आणि कापराचा. मी हाताकडं बघितलं. रंग जरा करडा. तेवढ्यात खालून आईचा आवाज आला, "राजा, विभूती नीट लावलीस ना हाताला?"

आता विचार करा. दोन्ही हातांना घरची विभूती. ज्या पकडीला ती लागली होती तिच्यावर लोकांचे पाय. खाली गादी, जिच्यावर बद्रीनाथराव बुटासकट उभे राहून गेलेले. या हातांनी मी त्या गादीवर पडणार? आई बघत असताना? आणि पलीकडं रुचिका, ओठ दाबून, हाताच्या मुठी आवळून उभी. तिचा चेहरा पाहिला आणि एकदम कळलं की हिलाही जायचं नाहीये. आजपर्यंत ती मला बोलली नव्हती. आमच्यातल्या मुलीही बोलत नाहीत, भिंत उभारतात.

मग मी ढकललं. पायानं, जीव तोडून, पोतं फेकावं तसं. हिरवं सुटलं, भिंत सुटली, पायाखालचं सगळं सुटलं. वर एक जागा आली जिथं ब्याऐंशी किलोचं काहीच वजन नव्हतं. मला आठवतंय, तिथं लई शांत होतं. तिथंच मी हात लावला. पिवळी पकड हातात बसली. पाय पंख्यासारखे एकीकडं गेले, परत आले, आणि मी तिथं लटकलेला होतो.

गोदामात असा काही गलका झाला की बाहेरच्या बैलानं दावं तोडलं, असं म्हणतात. रुचिका उड्या मारत होती. मुक्ताबाई रडत होत्या. मी एकेक पकड धरत सावकाश खाली आलो, गादीला हात न लावता.

शिवशंकर साहेबांनी चष्मा चढवला आणि अर्ज वाचला. परत वाचला. "अर्जदार कोण?"

"मीच," मी छाती काढून म्हणालो.

"अर्जदार: बसम्मा गुरुलिंग. तुम्ही 'करिता' आहात."

मी रामहरींकडं बघितलं. त्यांनी पिवळ्या पुस्तकात तोंड घातलं. बद्रीनाथराव मोठ्यानं म्हणाले, "मग संपलंच की, साहेब. म्हातारी बाई हाय शहात्तर वर्सांची." रुचिकाचा चेहरा उतरला. मला वाटलं, एकोणीस वर्षं ठोकलेल्या सगळ्या सह्या एकदम माझ्या डोक्यावर पडल्या.

"काय म्हनतेत रं साहेब?" आईनं विचारलं. मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि चिडली. "मग मला कावून न्हाई सांगितलं आधी? मी बी शिकले असते!"

आई उठली. इरकल लुगड्याचा काठ आवरला, पदर खोचला, चपला काढून नीट जोडीनं ठेवल्या आणि भिंतीशी गेली. रुचिका सावरायला मागं हात धरून उभी राहिली, तिला म्हातारीनं कोपरानं दूर केलं. आईनं सगळ्यात खालची हिरवी पकड धरली. तिच्या वीतभर वर दुसरी होती. ती तिनं डोळे बारीक करून बघून ठेवली.

"शिव शिव शिव," म्हणाली आणि उडी मारली. पोळपाटाच्या उंचीएवढी. पण दोन्ही पाय सुटले, दोन्ही हात सुटले, आणि वरची हिरवी पकड तिनं भाजीवालीच्या हातातून कोथिंबिरीची जुडी घ्यावी तशी घेतली. मग खाली उतरून म्हणाली, "झालं का, अजून एकदा पायजे?"

साहेबांनी रामहरींकडं बघितलं. रामहरी पुस्तक मिटत म्हणाले, "उंचीचं नियमात काय न्हाई, साहेब."

"प्रात्यक्षिक समाधानकारक," असं साहेबांनी लिहिलं आणि शिक्का मारला. बद्रीनाथरावांना पंच म्हणून सही करावी लागली. ती त्यांनी फार बारीक केली.

"आणि माझी झेप, साहेब?" मला राहवलं नाही.

"तुमची कसली? तुम्ही अर्जदार नाही. परवानगी मिळण्याआधी खेळ केलात, ते मी पाहिलं नाही असं समजतो."

परवान्याच्या पोचपावतीवर सही करायला कागद माझ्यापुढं आला. मी सवयीनं "करि" एवढं लिहिलं, आणि आईनं पेन काढून घेतलं. "माझी उडी हाय. मीच करते," म्हणाली. तिनं एकेक अक्षर कोरत "बसम्मा" लिहिलं. त्या संध्याकाळी रुचिकानं बेंगळुरूला नाही म्हणून कळवलं आणि माझ्या खांद्याला डोकं टेकून बराच वेळ बसली.

चॉक आणि विभूतीचा घोटाळा नंतर उलगडला. आईला मात्र तो मान्य नाही. तिच्या मते झेप विभूतीनं घेतली, मी फक्त सोबत होतो. कपाळाची कातडी मात्र आता सुधारली आहे.

चढण्याच्या मार्गांना नावं द्यायची रीत असते म्हणे. रुचिकानं वरच्या पिवळ्या पकडीशेजारी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर लिहिलं: "राजेश्वर". मागंपुढं काही नाही, "करिता" नाही. मी तिथं उभं राहून ते चारदा वाचलं. आईनं विचारलं, "आन माझं?" तेव्हा खालच्या हिरव्या पकडीपाशीही एक पट्टी लागली. आता येणाऱ्या पोरापोरींना रुचिका सांगते, "बसम्मापासून सुटायचं आणि राजेश्वरला पोचायचं."

परवा बद्रीनाथरावही आले, या खेपेला बूट काढून. राजेश्वरपर्यंत जाऊन दाखवतो म्हणाले. तीनदा प्रयत्न केला, तिन्हीदा बसम्मावरूनच खाली आले आणि गादीवर खट्टू होऊन बसून राहिले. मी त्यांना हात देऊन उठवलं.

"वाईट वाटून घेऊ नका, बद्रीनाथराव," मी म्हणालो. "तिथं मी बावन्न वर्षं अडकलो होतो."